पक्कं सिमेंट

दसरा उरकला की आमच्या शिरूर कासारात दोनच ठिकाणी गर्दी असते, एक टँकरपाशी आणि दुसरी माझ्या दवाखान्यात. टँकरपाशी लोक एकमेकांशी भांडतात. दवाखान्यात मी लोकांशी भांडते.

कारण येणारा प्रत्येक जण एकच मागणं घेऊन येतो, काढून टाका. दुखणारी दाढ काढा, दुखून थांबलेली काढा, पुढे दुखेल असं वाटतं तीही काढा. कॉलेजात इतकी वर्षं घालवून मी दात वाचवायला शिकले आणि दसरा ते दिवाळी माझ्या हातातून पकड काही सुटत नाही. संध्याकाळी हात धुताना माझा मलाच वैताग येतो.

यामागचं कारण ठाऊक नसतं तर मी या लोकांना वेड्यात काढलं असतं. पण मी इथलीच आहे. आमच्या भागातली निम्मी घरं दिवाळीच्या आगेमागे कुलूप लावून ऊस तोडायला जातात, पार कोल्हापूर-सांगलीकडच्या सहकारी कारखान्यांवर. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात. दोघांतलं एक जरी कोपीत, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, पडून राहिलं तरी कोयता बंद, त्याला म्हणतात खाडा. बरं, खाडा एकट्याचा नसतो. ट्रक सगळी टोळी मिळून भरते, त्यामुळे एकीच्या सुजलेल्या गालापायी सगळ्यांची गाडी अडते. म्हणून निघायच्या आधी घराची कौलं बघावीत तसे हे लोक तोंडातले दात बघतात आणि संशय आला की उपटून घेतात.

ते वर्ष तर फारच वाईट होतं. पोळ्यानंतर आभाळ फिरकलंच नाही. कापूस झाडावरच वाळला. चारा संपला तशी लोकांनी गुरं विकली, आणि गुरं गेल्यावर दूध सोसायटीच्या दाराला कुलूप लागलं. दरवर्षी जाणारे तर जाणारच होते, पण कधी गाव न सोडलेली माणसंही त्या वर्षी टोळ्या जमवणाऱ्या मुकादमाच्या ओट्यावर येऊन बसली होती. इतके कोयते मिळत असताना दुखणाईत कोयता कोण घेणार, ही धास्ती सगळ्यांच्याच पोटात होती.

माझा दवाखाना म्हणजे आमच्या किराणा दुकानाचा अर्धा भाग. मध्ये प्लायवूडची भिंत. भिंतीपलीकडे माझे वडील, गुंडप्पा, म्हणजे अप्पा, गूळ, साखर, लिमलेटच्या गोळ्या आणि मिशरीची तंबाखू विकतात. अलीकडे मी बसते. गिऱ्हाईक दोघांचं एकच. अप्पांना मी कितीदा म्हटलं, तंबाखू तरी बंद करा. ते म्हणतात, "मी बंद केल्यावर गाव सोडंल का? समोरच्याकडून घेतील. तुजं ऐकून मी फळी तेवढी बदलली." खरंच बदलली होती. पुढच्या फळीवरची तंबाखू मागच्या फळीवर गेली होती आणि लोक मान वाकडी करून मागत होते.

अशाच एका दुपारी मुक्ताबाई आली. पस्तिशीची असेल, नसेल. उन्हानं रापलेली, काटक. मागे तिचा नवरा गहिनीनाथ, हातात टोपी चुरगाळत उभा. ती माझ्या खुर्चीच्या कडेवर टेकली, पाहुण्यांच्या पलंगावर बसावं तशी.

"काढून टाका," ती म्हणाली.

"कुठली?"

तिनं बोट घालून दाखवलं. "ही. आन ही बी. दोन्हीकडच्या काढा. एकदाची कटकट जाऊ द्या."

मी तिला मागे रेलायला लावलं, दिवा ओढला. हिरड्या मिशरीनं काळवंडलेल्या होत्या, पण दात मजबूत होते. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेला खड्डा पडला होता, ज्वारीचा दाणा बसेल एवढा. उजवीकडे नुसती सुरुवात होती, एक काळी रेघ. डावीकडची कीड अजून आतल्या नसेपर्यंत पोचली नव्हती. अर्ध्या तासाचं काम होतं. इतकं सोपं काम दसऱ्याच्या दिवसांत माझ्या वाट्याला येत नाही. लोक एकतर फार उशिरा येतात किंवा ऐकत नाहीत.

"चूळ भर," मी तिच्या हातात पेला दिला.

तिनं पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले आणि घटाघटा गिळून टाकलं.

"अगं, थुंकायचं होतं! औषध होतं त्यात."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी अभद्र बोलले होते. "पानी? थुकायचं?" ती म्हणाली. "आमच्या वस्तीवर टँकर आला तर दर घरामागं दोन घागरी मिळत्यात, ताई. थुकायला मन व्हईना."

 माझं मशीन पाण्यावर चालतं आणि ते पाणी मी जारचं विकत आणत होते. तेही रोज जपून वापरत होते.

"हे बघ मुक्ताबाई," मी खुर्ची सरळ केली. "ही दाढ काढायची नाही. भरायची. आत्ता भरते, आत्ताच संपतं. कीड खरवडून काढायची, सिमेंट घालायचं. नंतर खुशाल भाकरी खा."

सिमेंटचं नाव काढताच गहिनीनाथ पुढे आला. "सिमिट नगं म्याडम. सिमिट पडतं."

"कोण म्हणतं?"

"गेल्या साली छबूबाईचं पडलं की. आमच्याच टोळीतली. फडात ऊस खाता खाता पडलं आन गाल ह्यो एवढा सुजला. कोपीत पडून रडायची नुसती. टोळीच्या गाड्या मागं ऱ्हायल्या. लई तकलीफ झाली समद्यांला."

मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. गावात कुठलंसं फुकट शिबिर झालं होतं. तिथे छबूबाईच्या दाढेत कच्चं सिमेंट भरून दिलं आणि पक्कं भरायला आठ दिवसांनी बोलावलं. आठ दिवसांनी छबूबाई कृष्णाकाठच्या उसात होती. कच्चं सिमेंट पडणारच, ते पडण्यासाठीच असतं. पण दुखायचं थांबलं म्हणजे काम झालं असं तिला वाटलं आणि सिमेंट पडलं तेव्हा सगळ्या टोळीला वाटलं की दात भरणं म्हणजे फसवणूक. एका दाढेवरून त्यांनी साऱ्या दंतवैद्यकाचा निकाल लावून टाकला होता.

"ते कच्चं होतं. मी पक्कं भरणार आहे," मी म्हणाले. "त्यात आणि ह्यात शेणाच्या भिंतीचा आणि विटेच्या भिंतीचा फरक आहे."

"काढा म्हनती तर काढा की, म्याडम," गहिनीनाथ काकुळतीला आला होता. "न्हाई तरी चाळिशीत जायचेच दात. माज्या आईचे गेले, हिच्या आईचे गेले."

मला या वाक्याचा फार राग येतो. लहान पोराचा दात किडला तर लोक पोराला घेऊन धावत येतात. मोठ्या माणसाचा किडला तर म्हणतात, वय झालं. वयानं केस पिकतात, दात पडत नाहीत. दात पडतात ते उसानं, गोड चहानं, रात्री तोंड न धुता झोपल्यानं आणि जे दुखत नाही त्याकडे बघायचंच नाही या सवयीनं. हे सगळं मी गहिनीनाथला सुनावलं, चढ्या आवाजात. पलीकडून अप्पा खाकरले. मी चढले की ते खाकरतात.

मुक्ताबाई मात्र शांत होती. आईचं नाव निघाल्यावर ती जरा सरळ बसली.

"माज्या आईला एक दात न्हाई," ती म्हणाली. "भाकर कुस्करून पान्यात भिजवून खाती. काला करून. यंदा तर भिजवायला बी जपून पानी घेती. मला म्हनती, मुक्ते, भाकरीची चव दातात असती. गिळलेल्या भाकरीला चव नसती." मग ती थांबली. "मला म्हातारपनी भाकर चावून खायची हाय, ताई. पर कामाचं काय करू?"

"मग काढायला कशाला आलीस?"

"काढायची सवय झाली," ती सहज म्हणाली. "तिसऱ्या बाळंतपनामागं अंगावरून जायला लागलं. डाक्टर म्हनले पिशवी काढून टाका. टोळीतल्या बाया म्हनल्या काढ, दर म्हैन्याचा खाडा वाचंल. काढली. तवापास्नं कंबर धरती, मोळी उचलताना डोळ्याम्होरं अंधारी येती. आता दाढ. माज्यातलं काय काय काढायचं ऱ्हायलंय त्ये एकदाच सांगा, म्हंजी मी मोकळी."

ती हे चिडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती विचारत होती. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी हातमोजे चढवले.

"आज काही काढायचं नाही," मी म्हणाले. "तोंड उघड."

ती नवऱ्याकडे बघायला लागली. नवरा दाराकडे. नेमके तेव्हाच सुंदरराव मुकादम आत आले. पांढरी पँट, खिशाला दोन मोबाईल. कुणाचं काम कुठवर आलं याची चौकशी करत ते त्या दिवसांत सगळीकडे फिरत असत. माणूस दुष्ट नव्हता. कारखान्याचा शेतकी अधिकारी त्यांना कोयते किती म्हणून दिवसातून दहादा फोन करी, आणि तोच प्रश्न सुंदरराव आमच्या लोकांना विचारत.

"काय म्याडम, काढली का?"

"नाही. भरते आहे."

"भरू नका वो. मागल्या साली काय झालं माहीत हाय ना तुमाला?"

"सुंदरराव, तुमची दाढ कुणी काढली?"

ते हसले. त्यांच्या त्याच बाजूच्या दाढेवर मी स्वतः टोपी बसवली होती. तिची नस साफ करायला ते तीनदा जीप घेऊन आले होते. एकदाही चुकले नव्हते.

"माजी गोष्ट येगळी," ते म्हणाले.

"कावून वेगळी?" माझी शुद्ध भाषा रागात अशी गळून पडते.

"मला टायम हाय, म्याडम," ते अगदी खरं बोलले. "ह्यांना न्हाई. मी काय दुश्मन हाय का ह्यांचा?"

"मग मलाही अर्धा तास द्या. हे पक्कं सिमेंट आहे. पडलं तर दारावरची पाटी उतरवून अप्पांच्या दुकानात गूळ तोलत बसेन."

पलीकडून अप्पा म्हणाले, "मला काय माणूस नको हाय." सगळे हसले. सुंदरराव हात झटकून निघून गेले आणि जाताना म्हणाले, बघा बुवा, तुमचं तुमी. ते असं म्हणाले म्हणजे त्यांनी होकारही दिला नव्हता आणि नकारही. मला तेव्हा तो होकार वाटला.

"एकच भरा," मुक्ताबाई म्हणाली. "डावी. ही टिकली तर दुसरी."

मी तिची दाढ अशी भरली की परीक्षेलाही कधी भरली नसेल. कीड सगळी काढली, कोपरे साफ केले, कापूस लावून दाढ कोरडी केली, थर चढवले, प्रत्येक थरावर निळा दिवा धरला. मधे वीज गेली. इन्व्हर्टर कण्हत सुरू झाला. मुक्ताबाईनं खुर्चीचा दांडा पकडून ठेवला होता, पण हूं की चूं केलं नाही. शेवटी मी आरसा दिला. तिनं गाल ओढून बराच वेळ बघितलं.

"पांढरी हाय की," ती म्हणाली. मग दात दातावर आपटून बघितले. टक टक. पुन्हा टक टक. आणि हसली. मिशरीनं काळ्या झालेल्या हिरड्यांसकट ती हसली आणि मला माझं शिक्षण त्या क्षणी फुकट गेलं नाही असं वाटलं.

मग मी नेहमीची टकळी सुरू केली. ऊस खाल्ला की चूळ. चहा प्यायला की चूळ. झोपायच्या आधी ब्रश, कितीही दमलेली असलीस तरी. आणि मिशरी बंद.

तिनं कमरेची पितळी डबी मुठीत झाकली. पोचे आलेली, आईची असावी अशी जुनी डबी. "मिशरी न्हाई सुटायची ताई. पहाटं थंडीत ऊस तोडताना त्येवढंच तोंडात असतं."

"मग निदान चूळ तरी."

"तिकडं पानी लई हाय. कालवेच्या कालवे. पर येळ न्हाई," ती म्हणाली. "हितं येळ लई हाय, पर पानी न्हाई. बगते जमंल तसं."

जाताना तिनं अप्पांकडून मिशरीची तंबाखू घेतली. मला पलीकडून सगळं ऐकू येत होतं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी गाड्या निघाल्या. आमच्या दुकानासमोरूनच रस्ता आहे. ट्रकमध्ये पत्रे, गाठोडी, शेळ्या, कोंबड्या, पाण्याचे ड्रम आणि त्या सगळ्यांवर माणसं. मी दारात उभी होते. एका ट्रकमध्ये मला मुक्ताबाई दिसली. मी हात हलवला आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून विचारलं, कशी आहे? तिनं मान हलवली. तोंडावर पदर घट्ट धरला होता. धूळ फार होती, सगळ्याच बायकांनी पदर धरले होते. शेजारी गहिनीनाथ होता, तो दुसरीकडे बघत होता.

त्या दिवशी मी उगाच खुशीत होते. अप्पांना म्हटलं, यंदा एक तरी दाढ वाचवून पाठवली. अप्पा वजन करत होते. ते म्हणाले, "हं."

नंतरचे महिने नेहमीसारखेच गेले. गाव रिकामं पडलं. म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं मागे राहिली. टँकर आधी दिवसाआड यायचा, पुढे तोही लांबला. माझ्याकडे पेशंट नव्हते, आणि असते तरी मशीनला पाणी नव्हतं. मी खुर्चीवर प्लास्टिक टाकून ठेवलं. मधूनमधून मुक्ताबाईची आठवण यायची. फोन आला नाही म्हणजे सिमेंट पडलेलं नाही, असा हिशोब मी मनाशी करत होते. टोळ्या परतायच्या म्हणून कधी नव्हे ते गुढीपाडव्याकडे डोळे लावून बसले होते.

पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परतल्या. ऊन असं की रस्त्यावर पाय ठरत नव्हता. मुक्ताबाई भर दुपारी आली, या वेळी एकटी. जास्तच वाळली होती. मी खुर्चीवरचं प्लास्टिक काढलं आणि जारमधून दोन पेले भरून तिच्या हातात दिले.

"हा प्यायचा," मी म्हणाले. "आणि हा थुंकायचा. दोन वेगळे आहेत, म्हणजे मनाला लागणार नाही."

ती हसली, पण तोंड मिटूनच. एक पेला प्यायली. दुसऱ्यानं चूळ भरली, जड मनानं थुंकली. मग मागे रेलून तोंड उघडलं.

डावीकडे खाली माझी दाढ नव्हती. तिथे भरून आलेली हिरडी होती, गुळगुळीत, जुनी. शेजारची दाढ त्या मोकळ्या जागेकडे कलायला लागली होती.

मला आधी वाटलं मी चुकीच्या बाजूला बघते आहे. दिवा हलवला. पुन्हा बघितलं.

"कुणी काढली?"

"बाजारात छत्रीखाली बसतो ना, त्यानं."

"दुखत होती?"

"न्हाई."

"सिमेंट पडलं?"

"न्हाई वो."

"मग सुंदररावांनी काढायला लावली," मी उठलेच. त्या माणसाच्या दाढेवर मी बसवलेल्या टोपीवर हातोडी घालावी असं मला वाटत होतं. "मी आत्ता फोन करते त्यांना."

"ताई, बसा," ती म्हणाली. "मुकादम काय बोलले न्हाईत. आमचीच बैठक झाली. गाड्या निघायच्या आदल्या दिशी, लिंबाखाली. समदी टोळी."

मी बसले. तिनं सांगितलं ते असं. टोळी निघायच्या आधी अशी बैठक होते. कुणाची गाठोडी कुठे, कुणाची पोरं बरोबर, आजारी कोण, हे सगळं तिथे ठरतं. तिथे निघालं की मुक्ताच्या तोंडात सिमेंट आहे. छबूबाईनंच काढलं. ती वाईट मनानं बोलली नाही. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले होते. माझ्यासारखं हिचं होऊ देऊ नका, ही परमुलखात रडेल आणि कुणाला बघायला वेळ नसेल, असं ती म्हणाली. मग बाकीचे बोलले. गाड्या अडल्या होत्या ते निघालं. मोकळ्या हातांनी बांधावर बसून काढलेले दिवस निघाले.

"तू नाही बोललीस काही?"

"बोलले की. पक्कं हाय म्हनलं, ताईनं पाटी उतरवीन म्हनून सांगितलंय. समद्यांनी ऐकून घेतलं. कुनी मला वंगाळ बोललं न्हाई. मग इचारलं, दाढ काढावी असं कुनाकुनाला वाटतंय? तर हात वर केले."

"गहिनीनाथनं?"

"त्यांनी बी." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "शेवटी मी बी केला. समद्यांचा वर आन माजा एकटीचा खाली, ते बरं दिसंना."

आमच्याकडे दूध सोसायटीपासून कारखान्यापर्यंत सगळं हात वर करून मंजूर होतं. मी लहानपणापासून अप्पांबरोबर सोसायटीच्या सभांना जाऊन ते बघत आले आहे. पण एखाद्या बाईच्या तोंडातली जिवंत दाढ अशी मंजूर होते हे मला ठाऊक नव्हतं. ट्रकमधला तो पदर आठवला. मी गालावर बोट ठेवून कशी आहे विचारलं होतं आणि तिनं रक्ताळलेलं तोंड पदराआड धरून मान हलवली होती, मला वाईट वाटू नये म्हणून.  

"फार दुखलं असेल," मी एवढंच म्हणाले.

"लई. जित्ती दाढ व्हती ना. सुटतच नव्हती."

तिनं कमरेची पितळी डबी काढली. तीच, पोचे आलेली. एवढं सगळं झाल्यावर ही बाई माझ्यासमोर मिशरी लावणार, हे बघून माझा उरलासुरला संयम सुटला. "मुक्ताबाई, अगं निदान इथे तरी..."

तिनं झाकण उघडून डबी माझ्यापुढे धरली. आत मिशरी नव्हती. घासूनपुसून स्वच्छ केलेल्या डबीत चिंधीवर दाढ ठेवलेली होती. दोन्ही मुळांसकट, अख्खी. मी ती उचलून दिव्याखाली धरली. वर माझं सिमेंट होतं. कुठे चीर नाही, कुठे फट नाही. भरलं त्या दिवशी होतं तसंच पांढरं.

"बगा," ती म्हणाली. "पडलं न्हाई. तुमाला पाटी उतरवायची गरज न्हाई."

मी मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी तिला दिसू नये म्हणून मी दाढेकडेच बघत राहिले, पण तिला दिसलंच. तिनं माझ्या कोपराला हात लावला. 

"ही माझ्याजवळ राहू दे," मी म्हणाले.

"न्हाई ताई. मला लागंल ती." तिनं दाढ माझ्या हातातून घेतली, चिंधीवर ठेवली, झाकण घट्ट लावलं. "मिशरी ठेवायला डबीत जागा उरली न्हाई, म्हनून ती बी सुटली. दसऱ्याला परत बैठक बसंल. छबूबाईच्या पोरीची दाढ दुखायलीय, तिची गोष्ट निघंल. कुनी हात वर करायच्या आदी मी डबी फिरवनार हाय. समद्यांनी हातात घेऊन बगा म्हनावं, मग काय करायचं ते करा."

डबी कमरेला खोचून तिनं पदर सारखा केला आणि खुर्चीत मागे रेलली.

"आता ही उजवी भरा," ती म्हणाली. "पक्की भरा. आवंदा हिच्यासाठी मी हात खालीच ठेवनार हाय."

मी जारमध्ये पाणी किती आहे ते बघितलं. एका दाढेपुरतं होतं. हातमोजे चढवून मी दिवा तिच्या तोंडावर ओढला.